ग्रे इनॅमलचा रंग फुटतो तेव्हा: वेटिंग-डिस्पर्सिंग ॲडिटिव्ह वापरण्याची पद्धत

स्मोक ग्रे इनॅमल, आयएस ५ (रंगछटांचं भारतीय मानक) च्या शेडकार्डातला ६९२ नंबर. लॅबमध्ये शेड जुळली, हेगमनवर (दळण किती बारीक झालं ते दाखवणारी पट्टी) फिनिश सात आलं, माल भरून गेला. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. स्प्रेने मारलेलं पत्र्याचं दार एका रंगाचं दिसत होतं आणि त्याच डब्यातून ब्रशने मारलेली कडा दुसऱ्याच रंगाची. मी तेव्हा नवा केमिस्ट होतो. परत आलेल्या मालात आम्ही एकूण वजनाच्या अर्धा टक्का डिस्पर्सिंग ॲडिटिव्ह, म्हणजे पिगमेंटचे कण भिजवून सुटे ठेवणारं रसायन, टाकून तासभर ढवळलं. फरक नावालाच पडला. ॲडिटिव्ह चांगलं होतं, पण आम्ही ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या हिशोबाने टाकलं होतं.

छोट्या कारखान्यांत आजही याच दोन चुका दिसतात. ॲडिटिव्ह म्हणजे भाजी झाल्यावर वरून भुरभुरायची कोथिंबीर, अशी समजूत असते. खरं तर ते पिगमेंटच्या (रंग देणाऱ्या पुडीच्या) पृष्ठभागावर रेझिनच्या (फिल्म बनवणाऱ्या चिकट घटकाच्या) आधी पोचलं पाहिजे, आणि त्याची मात्रा रंगाच्या वजनावर न ठरवता त्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरवली पाहिजे. बाकीची सगळी पद्धत या दोन गोष्टींतूनच निघते. उदाहरणाला हाच ग्रे घेतो, कारण पांढरं टिटॅनियम आणि कार्बन ब्लॅक ही एकत्र नांदायला सर्वांत अवघड जोडी आहे.

पिगमेंट भिजतं म्हणजे काय होतं

पिठल्यासाठी बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. गुठळी फोडली तर आत पीठ कोरडंच असतं. पिगमेंटचंही तसंच आहे. पोत्यातली पूड सुट्या कणांची नसते, कणांचे पुंजके असतात आणि त्यांच्या फटींत हवा अडकलेली असते. द्रावणाने त्या फटींत शिरून हवा बाहेर काढली पाहिजे. द्रावण पातळ असेल आणि पिगमेंटवर चांगलं पसरत असेल तर हे लवकर होतं. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तर झायलीनचा तिशीच्या आत. म्हणून सॉल्व्हंटच्या रंगात भिजण्याचं काम पाण्याच्या रंगापेक्षा सोपं असतं. इथे खरी अडचण पुढे येते.

भिजलेले पुंजके एचएसडी (हाय स्पीड डिस्पर्सर, वेगाने फिरणाऱ्या डिस्कचा मिक्सर) किंवा बीड मिल (मण्यांनी दळणारी चक्की) फोडते. फुटून सुटे झालेले कण लगेच पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. त्यांना दूर ठेवायला पाण्यात विद्युतभार कामाला येतो, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास असतो. झायलीनचा अडीचच्या घरात असतो, त्यामुळे तिथे भारावर भिस्त ठेवता येत नाही. सॉल्व्हंटच्या रंगात कण वेगळे राहतात ते साखळ्यांच्या कवचामुळे. ॲडिटिव्हच्या रेणूचं एक टोक पिगमेंटला घट्ट चिकटतं, त्याला अँकर म्हणतात. दुसरा भाग म्हणजे लांब शेपट्या, त्या द्रावणात पसरून राहतात. दोन कण जवळ आले की शेपट्या आड येतात. अँकर सुटला किंवा शेपट्या द्रावणात न पसरता आखडून बसल्या, तर कवच गेलं.

रंग फुटतो तो त्यामुळेच. मिलमध्ये सुटे झालेले काळे कण डब्यात पुन्हा झुंबड करून बसतात, तेव्हा काळ्याची ताकद कमी पडते आणि ग्रे फिका दिसतो. ब्रशच्या घासण्याने ती झुंबड तात्पुरती मोडते आणि तिथला ग्रे गडद होतो.

कोणतं ॲडिटिव्ह घ्यावं

बाजारात नावं शेकडो, पण ढोबळ कुळं दोन.

पहिलं लहान रेणूंचं: सोया लेसिथिन, फॅटी ॲसिडची आणि अमाइनची लवणं, पॉलिकार्बॉक्सिलिक ॲसिडं. स्वस्त असतात आणि टिटॅनियम, रेड ऑक्साइड, व्हाइटिंग यांच्यावर चांगली बसतात. यातली काही मुद्दाम सैल जाळं तयार करतात. कण एकमेकांना थेट न चिकटता ॲडिटिव्हच्या पुलाने हलके जोडलेले राहतात, त्यामुळे तळाशी दगडासारखा गाळ बसत नाही. रेड ऑक्साइडची घनता ५ च्या आसपास असते. असा प्राइमर सहा महिने डब्यात राहणार असेल तर मला हेच कूळ बरं वाटतं. प्राइमरला आरशासारखा ग्लॉस नकोच असतो.

दुसरं मोठ्या रेणूंचं: पॉलियुरेथेन किंवा ॲक्रिलिक साखळीवर अनेक अँकर असलेलं. एक अँकर सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. कार्बन ब्लॅक, थॅलो ब्लू, ऑरगॅनिक लाल-पिवळे यांना हेच लागतं. त्यांचा पृष्ठभाग कमी ध्रुवीय असतो, लेसिथिनसारख्या लहान रेणूला तिथे पकड मिळत नाही.

शिशाचे नियम आल्यापासून या दुसऱ्या कुळाची गरज वाढली आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली, २०१६ च्या नियमांनुसार २०१७ च्या नोव्हेंबरपासून. लेड क्रोम यलो जड, जाडसर आणि भिजायला सोपा होता, जुन्या बॉल मिलमध्ये लेसिथिनवरही निभावून जायचा. त्याच्या जागी बारीक ऑरगॅनिक यलो आला आणि कित्येक ठिकाणी फॉर्म्युल्यात फक्त पिगमेंट बदललं, ॲडिटिव्ह तेच ठेवलं. मग ग्लॉस उतरला, बेस (पिगमेंट दळून केलेला घट्ट माल) जेलीसारखा घट्ट झाला, आणि दोष पिगमेंटच्या माथी मारला गेला. पिगमेंट बदललं की ॲडिटिव्हचा विचार पहिल्यापासून करा.

ठरवण्याआधी एक साधी चाचणी चुकवू नका. तुमच्या रेझिनच्या द्रावणात, तुमच्याच सॉल्व्हंटमध्ये, पिगमेंट न घालता ५ ते १० टक्के ॲडिटिव्ह मिसळा. काचेवर ओढा, सुकू द्या. उरलेलं बाटलीत रात्रभर ठेवा. धूसरपणा आला, थर वेगळे झाले, तर ते ॲडिटिव्ह तुमच्या रंगात चालणार नाही. लाँग ऑइल अल्किड (इनॅमलचं नेहमीचं, तेलाचं प्रमाण जास्त असलेलं रेझिन) आणि एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) यांच्या जोडीत हे फार घडतं. मोठ्या रेणूंची बरीचशी ॲडिटिव्ह ब्युटिल ॲसिटेटसारख्या ध्रुवीय सॉल्व्हंटसाठी बनलेली असतात. एमटीओमध्ये त्यांच्या शेपट्या आखडतात. अशा वेळी पुरवठादाराकडे ॲलिफॅटिक सॉल्व्हंटसाठीचा ग्रेड मागा.

मात्रेचा हिशोब

आता जिथे सर्वाधिक गोंधळ होतो तिथे येऊ. पुरवठादाराच्या टीडीएसवर (तांत्रिक माहितीपत्रकावर) ‘पिगमेंटवर सक्रिय घटक इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं. त्यात दोन फसवे शब्द आहेत. ‘पिगमेंटवर’ म्हणजे एकूण रंगावर नाही. ‘सक्रिय’ म्हणजे ड्रममधल्या द्रावणाचं वजन नाही. माल ५० टक्के सक्रिय असेल तर हिशोबात आलेला आकडा दुप्पट करूनच काट्यावर घ्यायचा.

सुरुवातीचा आकडा काढायला दोन ठोकताळे पुरतात. इनऑरगॅनिक पिगमेंटसाठी ऑइल ॲब्सॉर्प्शनचा (१०० ग्रॅम पिगमेंट किती ग्रॅम तेल पितं त्या आकड्याचा) दहावा हिस्सा. ऑइल ॲब्सॉर्प्शन २० असलेल्या टिटॅनियमला २ टक्के सक्रिय. कार्बन ब्लॅक आणि ऑरगॅनिकसाठी बीईटी पृष्ठफळाला (एका ग्रॅम पिगमेंटचं एकूण पृष्ठफळ, चौरस मीटरमध्ये) ५ ने भागा. यामागचं गणित सरळ आहे: दर चौरस मीटरला सुमारे २ मिलिग्रॅम पॉलिमर लागतो असं धरलं, की १०० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या ब्लॅकला ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे २० टक्के. ७० च्या थॅलो ब्लूला १४ टक्के.

हे आकडे पाहून मालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांना मी पुढचा हिशोब कागदावर करून दाखवतो. १० किलो ब्लॅकचं पृष्ठफळ १० लाख चौरस मीटर होतं. म्हणजे १०० हेक्टर, जवळपास अडीचशे एकर रान. ग्रॅमला १५ चौरस मीटरच्या टिटॅनियमचं तेवढंच रान झाकायचं तर ६५ किलोहून अधिक पांढरं लागतं. अडीचशे एकरांना पुरेल एवढं बियाणं नेलं नाही तर उरलेलं रान उघडं पडणार, आणि उघड्या जागेला उघडी जागा चिकटणार.

पोतं उघडून सुटं देणाऱ्या व्यापाऱ्याकडून पिगमेंट घेत असाल तर हे आकडे मिळत नाहीत. मग ऑइल ॲब्सॉर्प्शन स्वतः काढा. काचेवर ५ ग्रॅम पिगमेंट घ्या, ब्युरेटमधून लिनसीड तेल थेंबथेंब सोडा आणि पॅलेट नाइफने दाबून घोटत राहा. पूड सुटी न राहता एकसंध, न तडकणारा लगदा झाला की थांबा. लागलेल्या तेलाच्या वजनाला पिगमेंटच्या वजनाने भागून १०० ने गुणा. हात बसायला दोन-तीन वेळा करावं लागतं.

ब्लॅक आणि थॅलो ब्लूसाठी आणखी एक जोडीदार असतो, सिनर्जिस्ट. थॅलोसायनिनच्याच रेणूला आम्लगट जोडलेली ही निळी पूड पिगमेंटच्या सपाट पृष्ठभागावर बसते आणि ॲडिटिव्हच्या अमाइन अँकरला बसायला जागा करून देते. ॲडिटिव्हच्या सक्रिय वजनाच्या चौथ्या ते नवव्या हिश्शाइतका घ्यावा. तो गडद निळा असल्यामुळे लाल-पिवळ्यात चालत नाही, त्यांच्यासाठी पिवळा वेगळा मिळतो.

ठोकताळ्यावर थेट बॅच लावू नका

आलेला आकडा शंभर धरून पाच बाटल्या करा: ५०, ७५, १००, १२५ आणि १५० टक्के मात्रेच्या. पिगमेंट, रेझिन, काचेचे मणी सगळं सारखं ठेवा. मात्रेतला बदल सॉल्व्हंटमधून वजा-अधिक करा आणि शेकरवर सारखा वेळ हलवा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ तासांनी मोजा. ताज्या मालाची विस्कॉसिटी (घट्टपणा) फसवी असते, झुंबड व्हायला वेळ लागतो.

विस्कॉसिटी मात्रेबरोबर उतरत जाते, एका जागी तळ गाठते आणि मग पुन्हा चढते किंवा सपाट राहते. तळाच्या आसपास तुमची मात्रा आहे. पण एकट्या विस्कॉसिटीवर विसंबू नका. प्रत्येक बाटलीतला थोडा बेस ठराविक पांढऱ्यात मिसळून रंगाची ताकद बघा, काचेवर ओढून ग्लॉस बघा. ताकद जिथे वाढायची थांबते ती मात्रा ब्लॅकसाठी मला जास्त भरवशाची वाटते. जाळं तयार करणाऱ्या ॲडिटिव्हमध्ये तर विस्कॉसिटी फारशी उतरतच नाही, तिथे गाळ आणि रंग हेच निकष.

जास्त टाकलं तर नुकसान काय, असं विचारतात. पृष्ठभागावर जागा न मिळालेलं ॲडिटिव्ह फिल्ममध्ये मोकळं राहतं. फिल्म मऊ पडते, पाण्याने फुलते, दुसरा हात नीट धरत नाही.

बॅच लावताना

ग्रेसाठी पांढरा आणि काळा बेस वेगवेगळा दळा. एकत्र दळले तर पांढऱ्याचं काम अर्ध्या तासात होतं आणि काळा तसाच अर्धवट राहतो. मी सुरुवातीला घेतो ती प्रमाणं अशी. पांढरा, १०० किलो: टिटॅनियम ६५, ५० टक्के सक्रिय ॲडिटिव्ह २.६, ७० टक्के सॉलिडचं अल्किड २०, एमटीओ १२.४. काळा, १०० किलो: ब्लॅक १०, ५० टक्के सक्रिय ॲडिटिव्ह ४, सिनर्जिस्ट ०.५, तेच अल्किड ४०, झायलीन-एमटीओ मिश्रण ४५.५.

क्रम मोडू नका. आधी सॉल्व्हंट आणि बेसच्या वाट्याचं अल्किड. मग ॲडिटिव्ह, ते पूर्ण विरघळेपर्यंत हळू ढवळायचं. सिनर्जिस्ट असेल तर त्यानंतर, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. पिगमेंट सर्वांत शेवटी, चालत्या मिक्सरमध्ये थोडं थोडं. पिगमेंट आधी पडलं तर रेझिनचे रेणू पृष्ठभागावर ठाण मांडतात. नंतर आलेल्या ॲडिटिव्हला त्यांना उठवून जागा घ्यावी लागते, आणि ते काम अर्धवटच होतं. माझी ती परत आलेली बॅच इथेच अडली होती.

कोरडं पिगमेंट सॉल्व्हंटच्या वाफांत ओतताना स्थिर विद्युत तयार होते. झायलीनचा फ्लॅश पॉइंट २५ ते ३० अंशांत असतो, म्हणजे आपल्या दुपारच्या तापमानाच्याही खाली. टाकी, एचएसडी, ड्रम सगळ्यांना अर्थिंगचा क्लॅम्प लावल्याशिवाय पोतं फोडू देऊ नका. पूड ओतणाऱ्या माणसाला चांगला मास्क द्या, नाकाला बांधलेला रुमाल चालणार नाही.

एचएसडीची डिस्क टाकीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावी. डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला १८ ते २५ मीटर लागतो. २५० मिलिमीटरची डिस्क १५०० आरपीएमवर १९.६ मीटर देते. लॅबमधली ५० मिलिमीटरची डिस्क त्याच आरपीएमवर जेमतेम ३.९ देते. ‘लॅबमध्ये दीड हजारावर वीस मिनिटं’ हे वाक्य प्लांटच्या बॅचकार्डावर उतरवण्यात अर्थ नाही, वेग कडेचा लिहा. माल इतका घट्ट हवा की डिस्कभोवती मेदूवड्यासारखं कडं फिरत राहील आणि मध्ये डिस्कची थोडी कड दिसेल. शिंतोडे उडत असतील तर माल पातळ आहे, कडेला थर नुसता उभा राहत असेल तर घट्ट.

टिटॅनियमला चांगली एचएसडी आणि बीड मिलचा एखादा पास पुरतो. ब्लॅकला बीड मिल लागतेच, १ मिलिमीटरच्या आसपासचे झिर्कोनियाचे मणी असले तर उत्तम. जॅकेटला थंड पाणी चालू ठेवा. बेस ५५ अंशांच्या वर गेला की सॉल्व्हंट उडतं आणि अँकरची पकडही ढिली होते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. कोकणातल्या महाड-लोट्याच्या औद्योगिक पट्ट्यात जुलैत उघडं राहिलेलं पोतं हवेतली ओल धरतं. ॲडिटिव्हची जागा पाण्याने आधीच घेतलेली असते, आणि एरवी बिनतक्रार जाणारा फॉर्म्युला अचानक फिनिश देईनासा होतो. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, आतली पिशवी बांधा.

लेट-डाउनमध्ये कमावलेलं घालवू नका

दळलेल्या बेसमध्ये उरलेलं रेझिन आणि सॉल्व्हंट मिसळणं म्हणजे लेट-डाउन. उत्तम दळलेला बेस शेवटच्या दहा मिनिटांत नासलेला मी पाहिला आहे. ऑपरेटरने वेळ वाचवायला बेसमध्ये एकदम सॉल्व्हंटची बादली ओतली. रेझिन कमी असलेल्या बेसवर नुसतं सॉल्व्हंट पडलं की कवच धुपतं आणि कण गोळा होतात. उलट, घट्ट थंड रेझिन एका धारेने ओतलं तर ते बेसमधलं सॉल्व्हंट स्वतःत ओढून घेतं आणि पिगमेंट दाटीवाटीने अडकतं. दोन्हीकडून बारीक खडा येतो, आणि तो चाळणीने जात नाही.

बेस ढवळत ठेवा. थोडं सॉल्व्हंट घालून सैल केलेलं अल्किड, बेसच्याच तापमानाचं, बारीक धारेने सोडा. पहिला चौथा हिस्सा सर्वांत सावकाश. सॉल्व्हंट, ड्रायर (रंग लवकर सुकवणारं रसायन), अँटिस्किनिंग एजंट (डब्यात साय धरू न देणारा) नंतर. ब्लॅकच्या रंगात कोबाल्ट ड्रायर ब्लॅकच्या पृष्ठभागावर बसून वाया जातो, महिन्याने रंग सुकायला उशीर लावतो. पृष्ठभाग ॲडिटिव्हने नीट झाकलेला असेल तर हा त्रास कमी होतो.

बोटाची चाचणी

हेगमनवर सात म्हणजे साधारण १२.५ मायक्रॉन. टिटॅनियमचा कण पाव मायक्रॉनचा. म्हणजे हेगमन फक्त राहून गेलेले दगड दाखवतो, मागाहून झालेल्या झुंबडीबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी बोट लागतं.

कार्डावर फिल्म ओढा. मिनिट-दोन मिनिटांनी, ती ओढ धरू लागली की एका कोपऱ्यात बोटाने गोल घासा. सुकल्यावर दोन्ही भागांची तुलना करा. घासलेली जागा गडद असेल तर काळ्याची झुंबड झाली आहे, काळ्या बेसचं ॲडिटिव्ह तपासा. घासलेली जागा फिकी असेल तर गुन्हेगार पांढरा. रंगमापक असेल तर दोन भागांतला डेल्टा ई (रंगातल्या फरकाचा आकडा) ०.५ च्या आत हवा.

कधी फिल्मवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, त्याला फ्लोटिंग म्हणतात. कधी सगळी फिल्म एकसारखी पण भलत्याच रंगाची होते, ते फ्लडिंग. नक्षी घालवायला थोडं सिलिकॉन टाकतात. नक्षी जाते खरी, झुंबड मात्र तशीच राहते. बोटाची चाचणी पास झाल्यावरच मी सिलिकॉनची बाटली उघडू देतो.

माल तयार असताना दोष सापडला तर बऱ्यापैकी एकच उपाय आहे: जाळं तयार करणारं लहान रेणूंचं ॲडिटिव्ह थोडं मागून देऊन पांढऱ्या-काळ्याला एकत्र बांधणं, म्हणजे दोघे वेगवेगळे तरंगत नाहीत. त्याने कधीकधी भागतं, ग्लॉस मात्र थोडा जातो. मोठ्या रेणूंचं मागून दिलेलं ॲडिटिव्ह क्वचितच कामाला येतं.

अल्किड सोडून दुसरीकडे जाताना

अमाइन अँकरचं ॲडिटिव्ह पीटीएसएसारख्या (पॅरा-टोल्युइन सल्फोनिक ॲसिड) आम्ल कॅटॅलिस्टवर चालणाऱ्या स्टोव्हिंग, म्हणजे भट्टीत पक्क्या होणाऱ्या, रंगात कॅटॅलिस्टच अडवून धरतं आणि फिल्म कच्ची राहते. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सीत तेच अमाइन पॉट लाइफ (दोन्ही घटक मिसळल्यावर रंग वापरायला मिळणारा वेळ) कमी करू शकतं. आम्लगटांचं ॲडिटिव्ह झिंक ऑक्साइडशी भिडून बेस घट्ट करतं. म्हणून नव्या रंगात कडकपणा, पॉट लाइफ आणि बेसची विस्कॉसिटी या तिन्ही गोष्टी ॲडिटिव्हसह आणि ॲडिटिव्हशिवाय अशा जोडीने तपासा.

बॅच पास झाली तरी एक डबा ५० अंशांच्या ओव्हनमध्ये १४ दिवस ठेवा. बाहेर काढून थंड करा, पळीने तळ चाचपा, बी-फोर कपवर (तळाला भोक असलेला, विस्कॉसिटी मोजायचा कप) वेळ घ्या आणि बोटाची चाचणी पुन्हा करा. आमच्या त्या ग्रेच्या दुसऱ्या बॅचचं कार्ड मी पंधराव्या दिवशी खिडकीच्या उजेडात धरलं होतं. घासलेला गोल कुठे होता ते मागे पेन्सिलने केलेली खूण पाहून शोधावं लागलं.